रविवारची भिंत

विमल गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. कोपरखैरण्यात आमच्या सेक्टरच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते आणि फोन वाजला. तिचा मुलगा प्रकाश बोलत होता. "मावशी, आई गेली. काल सकाळी, इकडं गावाकडंच." मी विचारलं, "कधी नेणार आहात?" तो म्हणाला, "झालं मावशी सगळं. कालच झालं..." त्याच्यामागे बायकांचं सुरावरचं रडणं ऐकू येत होतं. सोलापूरच्या पलीकडचा त्यांचा तांडा मी कधी पाहिला नाही. 'एकदा नेते' असं ती वर्षानुवर्षं म्हणत राहिली, पण काही ना काही काम निघायचं. आता तिथे जाऊन मी कोणाला भेटणार होते? भाजीवाल्याने विचारलं, "ताई, घेताय ना?" मी मेथी घेतली, घरी आले आणि ती निवडत बसले.

मैत्रिणीचं सुतक कुणी धरत नाही. नातेवाईक गेला तर शेजारची माणसं येतात, चहा-साखर आणून देतात, दाराबाहेर चपला दिसतात. माझ्या दाराबाहेर माझ्याच चपला होत्या. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना लिफ्टपाशी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ती तुमची टाइल्सवाली? अरेरे, वाईट झालं." तेवढ्यात लिफ्ट आली. त्यांची काही चूक नाही. विमल राठोड माझी कोण होती हे एका शब्दात सांगायला मलाही जमलं नसतं. म्हणून आता, काही आठवडे उलटून गेल्यावर, लिहायला बसले आहे.

मी वाशीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम केलं, आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोन माणसं होती, आता एक. आई असतानाच आमच्या बाथरूमची भिंत ओल धरायला लागली होती, आणि कुणीतरी विमलचं नाव सांगितलं. त्या काळात ती गवंडी म्हणून नवीनच होती. आधी कित्येक वर्षं ती नवऱ्याच्या हाताखाली बिगारी होती. तो लादी बसवायचा, ती माल कालवून द्यायची आणि डोक्यावरून टाइल्सचे खोके वर चढवायची. मग तो परांचीवरून पडला, कमरेचं हाड मोडलं, गावी जाऊन खाटेवर बसला. विमलने त्याची थापी उचलली आणि थेट कामं घ्यायला लागली. "बघून बघून येतंय की," असं तिने मला ठणकावून सांगितलं होतं. ते तितकंसं आलेलं नव्हतं. आमच्या बाथरूमची एक अख्खी भिंत आठवड्याभरात फुगली आणि एका दुपारी आई आत असताना टाइल्स धडाधड खाली आल्या. आई थोडक्यात वाचली. मी संतापून फोन केला. विमल आली, पडलेला ढीग पाहिला, आणि आईला म्हणाली, "आजी, तुम्ही लई नशिबाच्या बगा. दुसरं कुणी असतं तर मेलंच असतं." आईला हसू फुटलं. मला नाही. पण तिने ती भिंत तोडून पुन्हा केली आणि ती आजही उभी आहे.

दुसऱ्यांदा काम चाललं तेव्हा ती दुपारी जेवून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. टेबलावर नकाशे पसरलेले असायचे. "ह्यात दार कुठलं? ही गोल रेघ कशाची?" दार उघडतं त्याची ती खूण, असं मी सांगितलं, तर ती बराच वेळ त्या रेघेवर बोट फिरवत राहिली. "म्हणजे इथं पाठ टेकवून बसलं, तर दार लागंल डोक्याला." नकाशात एवढं दिसलं म्हणून ती खूश होऊन दोन दिवस सगळ्यांना सांगत होती. नम्रता हा गुण तिच्यात नव्हता. कामाला येताना डोळ्यांना काळा गॉगल आणि हातात मोठं घड्याळ असायचं, ग्राहकाला बिनदिक्कत थापा मारायची, भांडायला उभी राहिली की अख्खा मजला दारात जमा व्हायचा. आमची मैत्री कशी झाली ते मला सांगता येत नाही. मी कमी बोलणारी, आणि तिला ऐकणारं माणूस हवं होतं. एवढंच कारण असेल.

शाळेची कल्पना तिचीच. आम्ही तिला शाळा म्हणायचो, पण पाटी-फळ्याशी तिचा संबंध नव्हता. कामगार-नाक्यावर सकाळी शेकडो माणसं कामाच्या आशेने उभी असतात, त्यात तिच्या तांड्याच्या, आसपासच्या तांड्यांच्या पुष्कळ बायका. विमलचं दुखणं असं होतं की पुरुष बिगारी म्हणून येतो, दोन-चार वर्षांत मिस्त्री होतो, मग ठेकेदार होतो. बाई मात्र घमेलं घेऊन येते आणि मान वाकेस्तोवर घमेलंच वाहते. "बाई म्हणली की घमेलं. तिच्या हातात थापी दिली तर काय आभाळ पडतंय का?" हे ती इतक्या वेळा म्हणाली की शेवटी मी विचारलं, "मग आपण देऊ या?"  

जागा दिली तळवलीच्या दशरथ म्हात्रेशेठनी. त्यांची भातशेती शहरात गेली, बदल्यात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी गाळे बांधले होते, आणि विमलने त्यांच्या घराची फरशी केली होती. आम्ही भाड्याचं विचारायला गेलो तर ते पानाला चुना लावत म्हणाले, "गाला रिकामाच परलाय. बायका शिकतान त शिकू दे. पन दुपारची ठोकाठोकी नको, माझी आय झोपते." गाळ्याच्या मागच्या भागात आम्ही पुरुषभर उंचीची एक विटांची भिंत उभी केली. वर्ग रविवारचा, कारण आठवड्यात एकाच दिवशी सगळ्यांना सुटी. पहिल्या रविवारी कुणीही आलं नाही. दोघी त्या भिंतीसमोर पाण्याची बादली घेऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी विमल नाक्यावर गेली आणि सगळ्यांसमोर बायकांना अशा काही शिव्या घातल्या की पुढच्या रविवारी गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती.

तीच भिंत दर रविवारी नव्याने व्हायची. सकाळी बायका तिच्यावर टाइल्स बसवायच्या, ओळंबा लावायच्या, रबरी हातोड्याने हलकेच ठोकायच्या, आणि संध्याकाळ व्हायच्या आत माल घट्ट होण्याआधीच सगळ्या टाइल्स काढून धुऊन ठेवायच्या. नव्या मुलींना वाईट वाटायचं. एवढं नीट केलेलं काढायचं? विमल म्हणायची, "काढायचं. हे तुझं घर न्हाई. तुझं काम भायेर हाय." मी त्यांना नकाशा वाचायला, चौरस फूट काढायला, अंदाजपत्रक लिहायला शिकवायचे. बँकेत चालू खातं कसं उघडायचं, सोसायटीच्या कमिटीसमोर काय बोलायचं, हेही. विमलचा एक आग्रह मात्र पक्का होता. जिला काम यायला लागलं तिने स्वतःच्या नावाने धंदा काढायचा. "माझ्या हाताखाली राहायचं नाही," असं ती बजावायची. मग प्रत्येकीच्या नावाची कार्डं छापली जायची आणि त्यावर टाइल्स, वॉटरप्रूफिंग, रंगकाम असं जे येत असेल ते असायचं. मुली विमलला याडी म्हणायच्या. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. आणि आई झाल्यासारखीच ती प्रत्येकीचं पहिलं काम बघायला जायची. एकदा खारघरला एका फ्लॅटमध्ये गेलो, तर मालक नव्याने धंदा काढलेल्या मुलीला विचारत होता, "मिस्त्री कुठे आहे?" ती म्हणाली, "मीच." "नाही, म्हणजे तुमचे मिस्टर?" ती गोंधळली. मागून विमल म्हणाली, "मिस्टर गावी बसल्यात. बसायलाच पाहिजे असतील तर बोलवून घेऊ का?" मालकाची बायको आतून खो-खो हसली आणि काम पक्कं झालं.

त्या सगळ्यांत संगीता वेगळी. आली तेव्हा विशीतली असेल, पाठीला तान्हं मूल बांधलेलं. हात इतका साफ की विमल कौतुक करायची नाही, फक्त बघत राहायची. हळूहळू संगीता विमलच्या घरी जेवायला लागली, तिचं मूल विमलच्या मांडीवर वाढलं. विमलच्या स्वतःच्या मुलाला बांधकामात रस नव्हता, तो टेम्पो चालवायचा. खारघरच्या एका मोठ्या सोसायटीत घरोघरी गळती होती, सगळ्यांची बाथरूमं उखडून नव्याने करायची होती. एवढं मोठं काम आमच्यापैकी कुणालाच कधी मिळालं नव्हतं. विमलने नमुना म्हणून एक बाथरूम करून दाखवलं, संगीता सोबतीला होती. कमिटीला आवडलं. मग काही दिवस फोन आला नाही. विमलने स्वतःच केला, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "अहो, काम तर संगीता पवारांना दिलं ना! तुमच्याच आहेत ना त्या?"

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फरशीवर बसली. मी चहा दिला, तो तसाच राहिला. म्हणाली, "बरोबरच केलं तिनं. मीच म्हणत होते ना, माझ्या हाताखाली राहू नका." तिने कप थोडा लांब सरकवला. "पण सांगायचं तरी..." मग माझ्याकडे वर पाहून तिने विचारलं, "तू असतीस तर सांगितलं असतंस ना मला?" एवढी वर्षं मी तिला 'सुलभाताई, तुम्ही' होते. त्या दिवशी 'तू' झाले, आणि मग शेवटपर्यंत तेच राहिलं. मी हो म्हणाले. ती रडली नाही. पदराने तोंड पुसलं, गार झालेला चहा प्यायली, आणि गेली. रविवारी भिंतीपाशी नेहमीसारखीच ओरडत होती. संगीता आली नाही. पुढेही आली नाही. तिचं नाव गाळ्यात कुणी घेईनासं झालं.

काही महिन्यांनी सेक्रेटरींचाच फोन आला. संगीताच्या कामात अडचण झाली होती. अर्धी बाथरूमं झाली होती, त्यातल्या काहींतून खाली पुन्हा पाणी यायला लागलं होतं. नळ जोडणाऱ्याची चूक की संगीताची, यावर वाद पेटला होता. आधी डावलले गेलेले ठेकेदार रोज कमिटीच्या कानाशी लागत होते की बायकांच्या हातात एवढं काम दिल्यावर हेच होणार. संगीताला काढून उरलेलं काम विमलने घ्यावं, असं कमिटीचं म्हणणं होतं. विमल मला घेऊन खारघरला गेली. ऑफिसात चेअरमन, सेक्रेटरी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर संगीता, डोळे सुजलेले. तिने वर पाहिलंच नाही. चेअरमननी सगळं सांगितलं आणि विचारलं, "कधी सुरू करता?" मला वाटलं, आता ही काहीतरी बोचरं बोलणार. तो तिचा हक्कच होता. विमल म्हणाली, "काम तिचंच हाय. तिच्याच नावानं पुरं होईल. मी हाताखाली बसते तिच्या. उद्या पाणी आलं तर मला पकडा." चेअरमन म्हणाले, "पण बाई, तुम्ही तर सीनियर..." "म्हणून तर बसते," ती म्हणाली, आणि उठली.

मग ती रोज खारघरला जायला लागली. स्वतःच्या शिष्येच्या हाताखाली, बिगाऱ्यासारखी. संगीता टाइल्स बसवायची, विमल जुन्या टाइल्स फोडून काढायची, नव्या कापायची. बंद बाथरूममध्ये कटर सुरू झाला की पांढऱ्या धुळीत माणूस दिसायचं नाही. मुलींच्या तोंडाला मास्क बांधलेला आहे की नाही हे ती स्वतः तपासायची. स्वतःचा मात्र हनुवटीवर ओढलेला असायचा, कारण मास्कमधून ओरडता येत नाही. एकदा दुपारी डबा घेऊन गेले होते. दोघी एकाच खोलीत पाठमोऱ्या काम करत होत्या. सगळ्या वेळात एकीने म्हटलं, "पाणी." आणि दुसरीने बादली सरकवली. बाकी काही नाही. काम संपलं, गळती थांबली, कमिटीने उरलेल्या इमारतींचंही काम संगीताला दिलं. शेवटच्या दिवशी संगीता विमलच्या पाया पडली आणि तशीच वाकून राहिली. विमलने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घरी जा," एवढंच म्हणाली. "पोरगं वाट बघत आसंल."

खोकला त्याआधीपासून होताच, पण त्यानंतर गेला नाही. दवाखान्यात एक्स-रे काढला. छातीत इतक्या वर्षांची धूळ बसली होती, ती निघण्यातली नव्हती. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. बाहेर आल्यावर रिक्षात बसून ती म्हणाली, "माझ्या छातीत अख्खं खारघर हाय म्हणं. भाडं तरी द्या म्हणावं." रिक्षावाला हसला. मी तिचा हात धरला, तिने तो सोडवला नाही.

शाळा मोडली, पण भांडणाने नाही. मुलींना कामं मिळायला लागली. रविवार हाच ग्राहकांच्या सोयीचा दिवस, घरात माणसं असतात, टाइल्स निवडता येतात. एकेक मुलगी रविवारी यायची बंद झाली. फोन यायचे, "याडी, ह्या वेळी पण न्हाई जमत, पनवेलला काम चाललंय." विमल म्हणायची, "नको येऊ. काम सोडून येऊ नको." आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायची. नव्या बायका यायच्या, पण त्यांच्यावर ओरडायला तिचा श्वास पुरत नसे, आणि माझ्या ओरडण्याला कुणी भीत नसे. शेवटी आम्ही दोघीच जायला लागलो. कुलूप उघडायचं, झाडून काढायचं, दोन खुर्च्यांवर बसायचं. "हेच पाहिजे होतं ना आपल्याला?" एकदा मी म्हटलं. "हेच," ती म्हणाली. मग झाडू कोपऱ्यात ठेवत, "पण एवढं सामसूम होईल असं नव्हतं वाटलं गं..." म्हात्रेशेठनी गाळा केकवाल्याला दिला. आधी आम्हाला विचारायला आले होते, बिचारे. भिंत पाडायला केकवाल्याने माणसं आणली त्या दिवशी विमल आली नाही. मी उभी होते. भिंत पडायला काहीच वेळ लागला नाही.

तांड्यावर जायचं ठरलं तेव्हा ती महिनाभर माझ्याकडेच राहिली. प्रकाशची बायको बाळंत झाली होती आणि त्या एवढ्याशा घरात खोकणाऱ्या माणसाला जागा नव्हती. एक दिवस ती गॅलरीत उभी राहून म्हणाली, "ही फरशी किती घाण दिसते. ही बदल." मी म्हटलं, "कोण बदलणार? तू?" "तू," ती म्हणाली. "मी सांगते." माझ्या आयुष्यात मी हजारो फरशा कागदावर काढल्या, हाताने एकही बसवली नव्हती. विमल दारात खुर्ची टाकून बसली, नळी नाकाला लावलेली, ऑक्सिजनचं मशीन मागे गुरगुरत. मी गुडघ्यांवर बसून माल पसरत होते. "एवढा नको, शिरा करतेस का? ... दाब. अजून. मधनं दाब, कडेनं नको." रोज एक-दोन टाइल्स व्हायच्या, मग दोघीही थकायचो. शिव्या द्यायला तिला दम नव्हता, म्हणून हात हलवून द्यायची. मला इतकं हसू यायचं की थापी खाली ठेवायला लागायची. कोपऱ्यातली शेवटची टाइल मी बसवली तेव्हा ती झोपली होती. तिने उठून पाहिलं तर टाइल वाकडी झाली होती, आणि माल घट्ट झाला होता. मी म्हटलं, "काढू?" दर रविवारी एवढ्या चांगल्या टाइल्स काढायला लावणारी ती बाई, बराच वेळ त्या टाइलकडे बघत राहिली. म्हणाली, "राहू दे. हे तुझं घर हाय."

दुसऱ्या आठवड्यात प्रकाश तिला गाडीने घेऊन गेला. खाली गाडीत बसताना तिने गॉगल लावला.

परवा संगीता येऊन गेली. आता तिच्या हाताखाली पुष्कळ माणसं आहेत, गळ्यात ऑफिसच्या कार्डाची दोरी, फोन सतत वाजणारा. तिने तो बंद केला. विमलबद्दल आम्ही फारसं बोललो नाही. तिला बोलवत नव्हतं, मलाही. चहा घेऊन ती गॅलरीत गेली आणि सवयीने खाली पाहिलं. "ताई, ही टाइल कुणी बसवली? एक माणूस पाठवते, नीट करून देईल." "मी बसवली," मी म्हटलं. "याडीने शिकवलं." संगीताने माझ्याकडे पाहिलं. मग कप बाजूला ठेवून ती तिथेच खाली बसली आणि कितीतरी वेळ बसून होती. माणूस पाठवण्याचं पुन्हा बोलली नाही.

सकाळी मी गॅलरी धुते. बाकीचं पाणी जाळीकडे वाहून जातं, त्या कोपऱ्यात मात्र थोडं साचून राहतं. फडक्याने ओढून घेता येईल, पण मी घेत नाही. खुर्ची दारात टाकते आणि ते आपोआप वाळेपर्यंत तिथे बसून राहते. उन्हाळा आहे, लवकर वाळतं.